तोंडाभोवतीचं पुरळ आणि ती ट्यूब

ओठांच्या भोवती, हनुवटीवर, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घडीत बारीक बारीक लाल पुळ्या येतात, काहींच्या टोकाला पू झाल्यासारखं पांढरं दिसतं, कातडी कोरडी पडून पापुद्रे निघतात, आणि खाज कमी पण जळजळ जास्त, तोंड ताणल्यासारखं वाटतं, कधीकधी साधं पाणी लागलं तरी चुरचुरतं. एक खूण अशी की ओठांना अगदी लागून असलेली बारीकशी पट्टी मात्र साफ राहते, तिथे काही नाही, पुरळ सगळं त्या पट्टीच्या बाहेर. हे वाचून कोणाला आपला किंवा आपल्या लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला असेल तर पुढचं सगळं त्यांच्यासाठीच लिहितेय, जरा मोठं झालंय पण वाचा.

डॉक्टर याला पेरिओरल डर्मटायटिस म्हणतात. वयात आलेल्या मुलींपासून पंचेचाळिशीपर्यंतच्या बायकांना जास्त होतो, पुरुषांना कमी, लहान मुलांनाही होतो. संसर्गाचा आजार नाही हा. एका टॉवेलने तोंड पुसल्याने, बाळाचा पापा घेतल्याने लागत नाही. हे आधीच सांगते कारण आमच्या नाटकाच्या ग्रुपमधल्या एका मुलीला झालं तेव्हा बाकीच्यांनी तिच्याजवळ बसायचं टाळलं, ती मेकअपरूमच्या कोपऱ्यात एकटी बसायची, मला ते बघवत नव्हतं. आणि अस्वच्छतेचाही नाही, उलट चेहऱ्याची जास्त निगा राखणाऱ्या बायकांनाच हा जास्त गाठतो. जर्मनीत एकेकाळी याला हवाई सुंदरींचा आजार म्हणायचे, दिवसभर तोंडावर मेकअप असायचा ना त्यांच्या. वैद्यकीय लिखाणात त्याचं वर्णन पहिल्यांदा १९५७ मध्ये आलं, आत्ताचं नाव १९६४ मध्ये पडलं, आणि त्याच सुमाराला कातडीवर लावायची जोरदार स्टेरॉइड क्रीम्स सगळीकडे मिळायला लागली तसे पेशंट वाढत गेले.

मला झाला तो नाटकाच्या मोसमात. आमच्याकडे गोव्यात फोंड्याच्या बाजूला तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू, आणि जत्रा म्हटली की मराठी नाटक आलंच. देवळासमोरच्या मंडपात रात्री उशिरा तिसरी घंटा होते, पडदा पडेपर्यंत पहाट, तोवर चेहऱ्यावर पॅनकेकचा थर, वरून पावडर, दिव्यांची उष्णता आणि घाम, आणि मग ते सगळं काढायला खोबरेल चोळायचं. मोसमाच्या शेवटी ओठांच्या खाली लाल दिसायला लागलं. फार्मसीत दाखवलं, त्यांनी एक ट्यूब दिली, रात्री झोपताना लावायला सांगितली, आणि खरंच थोड्याच दिवसांत चेहरा असा साफ की शेजारच्या काकूंनी नाव विचारून घेतलं. ट्यूब थांबवली की परत यायचं, परत लावली की जायचं, आणि दर खेपेला जागा थोडी वाढलेली, आधी फक्त हनुवटी, मग नाकाच्या कडेपर्यंत.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेले तर त्यांनी तपासायच्या आधीच विचारलं, तोंडाला काय काय लावता. दुसऱ्या खेपेला सगळं पिशवीत घालून घेऊन यायला सांगितलं, फेसवॉश, फाउंडेशन, दोन तऱ्हेची मॉइश्चरायझर, लिपबाम, टूथपेस्टसुद्धा. त्यांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली आणि ती ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं माझ्यासमोर धरली. "हे बघा, मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड. पुरळ जातं ते यानेच आणि परत येतं तेही यानेच."

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. स्टेरॉइड क्रीम लावलं की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, सूज दबते, म्हणून लाली पटकन जाते. पण चेहऱ्याची कातडी मुळात पातळ, तिच्यावर रोज लावत राहिलं की ती अजून पातळ आणि कमजोर होते, बाहेरची प्रत्येक गोष्ट तिला झोंबायला लागते, आणि क्रीम थांबवल्याबरोबर आकसलेल्या वाहिन्या पूर्वीपेक्षा जास्त फुलतात, दबलेली सूज उसळून वर येते. मग माणूस घाबरतो आणि परत तीच ट्यूब. दुसरीकडे कातडी कोरडी आणि ताणलेली वाटते म्हणून आपण वर आणखी मॉइश्चरायझर थापतो, त्यावर फाउंडेशन, आणि त्या थराखाली कातडी आणखी बिघडते. मूळ कारण नक्की काय हे शास्त्राला अजून पुरतं उलगडलेलं नाही, पण स्टेरॉइड, जाड क्रीम्स, मेकअप, काहींच्या बाबतीत हार्मोन्स, नाकात मारायचे किंवा ओढायचे स्टेरॉइड स्प्रे, यांच्याशी त्याचा संबंध वारंवार दिसलाय. करोनाच्या काळात मास्कच्या आतल्या दमटपणाने आणि घासण्याने हे वाढलेले पेशंट डॉक्टरांनी बघितले, आणि आपल्याकडे वेर्ण्याच्या, कुंडईच्या औषध कंपन्यांत मास्क लावून काम करणाऱ्या मुली आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता या ट्यूबबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त कळकळ त्याचीच आहे. आपल्या देशात स्टेरॉइडच्या ट्यूबा स्टेरॉइड म्हणून विकल्या जात नाहीत, म्हणजे कोणी मागताना तसं मागत नाही. गजकर्णाची ट्यूब, डागांची ट्यूब, गोरं व्हायची ट्यूब, पिंपल्सची ट्यूब अशीच मागतात. गोव्यातल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, गजकर्ण घराघरात असतं, त्याच्यावरच्या मिक्स ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं, नवऱ्याच्या मांडीसाठी आणलेली ट्यूब कपाटात असते आणि तीच मुलीच्या तोंडाला लागते. डागांच्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असं त्रिकूट असतं. देशभर हे इतकं झालं की अशा चेहऱ्यांना डॉक्टरांनी वेगळं नाव दिलं, स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा, आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध खास टास्क फोर्स उभा केला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडची क्रीम्स शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम. पण आपण काउंटरवर काय मागतो आणि काय घेऊन घरी येतो हे शेवटी आपल्याला वाचता यायला हवं. नावं ओळखायला सोपी आहेत, शेवट ऐका: बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, ट्रायमसिनोलोन. यातलं काहीही मागच्या बाजूला दिसलं तर ती ट्यूब डॉक्टरने सांगितल्याशिवाय चेहऱ्यावर जाता कामा नये. आणि स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे हेही सांगते, एक्झिमा, सोरायसिसवाल्यांना त्याने किती आराम पडतो, फक्त जागा, ताकद आणि किती दिवस हे डॉक्टरने ठरवायचं असतं.

तोंडाभोवती काही आलं म्हणजे हेच असं नाही हं. पिंपल्स असतील तर काळे-पांढरे ठिपके म्हणजे बंद झालेली छिद्रं दिसतात, या आजारात ती नसतात. पुरळ थेट ओठापर्यंत भिडलेलं आणि खूप खाज, आणि नुकतीच लिपस्टिक किंवा टूथपेस्ट बदलली असेल तर अ‍ॅलर्जी असू शकते. लहान मूल सारखं ओठ चाटत असेल तर ओठाला लागूनच लाल कडं होतं. फक्त तोंडाचे कोपरे फाटत असतील तर ते वेगळं. एकाच जागी पाण्याने भरलेल्या पुळ्यांचा घोस आणि ठणका असेल तर नागीण जातीचा विषाणू, मधासारखी पिवळी खपली धरली तर जंतुसंसर्ग, आणि त्याला त्याचं त्याचं औषध लागतं. भुवया आणि डोक्यातही तेलकट कोंडा असेल तर सेबोऱ्हिक डर्मटायटिस. आणखी एक, पुस्तकातले आणि नेटवरचे फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात, त्यात लालभडक दिसतं. आपल्या सावळ्या रंगावर ते तपकिरी, जांभळट दिसतं, म्हणून कित्येकदा नुसते डाग पडलेत असं वाटतं आणि खरा आजार ओळखायचा राहून जातो.

उपचाराचा सगळ्यात अवघड भाग म्हणजे सुरुवात. ट्यूब बंद केली की आजार वाढतो. वाढतोच, जवळजवळ सगळ्यांचा, आणि डॉक्टरीणबाईंनी मला ते आधीच स्पष्ट सांगितलं म्हणून मी टिकले. काही दिवस ते काही आठवडे चालतं हे, कोणाचं जास्त. ज्यांनी खूप जोरदार स्टेरॉइड खूप दिवस लावलंय त्यांना कधीकधी डॉक्टर एकदम बंद न करता हलक्या स्टेरॉइडवर आणून हळूहळू सोडवतात, ते त्यांच्या देखरेखीखालीच. माझे वाईट आठवडे नेमके गणेशचवथीच्या दिवसांत आले. घर माणसांनी भरलेलं, गणपतीवर फळांची माटोळी बांधायची, नेवऱ्या म्हणजे करंज्या करायच्या, गरम तेलासमोर उभं राहायचं, तोंड सुजून लाल, वाफ लागली की आग आग. आणि आलेला प्रत्येक माणूस पहिलं वाक्य तेच, "गो, तोंडाक कितें जालां तुका?" मग लगेच उपाय. हळद लाव, लिंबू लाव, कोरफड लाव, कोकमाचं तेल लाव, मासे सोड, उष्णता झालीय पोटात. प्रेमानेच सांगतात सगळे, मला कोणाचा राग नाही, पण त्या दिवसांत माणसाला हव्या असतात त्या दोनच गोष्टी, कोणीतरी म्हणावं की हे असंच वाढतं आणि मग उतरतं, आणि कोणीतरी ती ट्यूब हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी. माझ्या जाऊबाईंनी दोन्ही केलं. गॅससमोर स्वतः उभ्या राहिल्या आणि मला नारळ खवायला मागच्या दारी बसवलं.

तुमच्या घरात कोणी या टप्प्यावर असेल तर तिला आरसा दाखवू नका, फोटोत यायचा आग्रह करू नका, आणि "आधी ट्यूबने बरं होतं की" हे वाक्य चुकूनही बोलू नका. त्या आठवड्यात ते ऐकलं की हात परत ट्यूबकडे जातो.

त्या काळात चेहऱ्याला काय लावायचं तर जवळजवळ काही नाही. डॉक्टर याला झीरो थेरपी म्हणतात, सगळी क्रीम्स, सीरम, स्क्रब, फेसपॅक, मेकअप बंद, कोमट किंवा साध्या पाण्याने चेहरा धुवायचा, फार तर बिनसुवासाचं सौम्य क्लेन्झर, टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. हलक्या केसेस कधीकधी एवढ्यानेच बऱ्या होतात, वेळ लागतो फक्त. घरगुती उपायांचं मला विचाराल तर लिंबू फाटलेल्या कातडीला जाळतं, आणि खोबरेल काय, कोकमाचं तेल काय, भेगा पडलेल्या टाचांना सोन्यासारखं, पण इथे तो तेलाचा थरच नको असतो. कातडी फारच ओढली तर डॉक्टरना विचारून एखादं हलकं, बिनवासाचं, पातळ लोशन. ऊन आपल्याकडे कडक, पण जाड सनस्क्रीनही सोसत नाही त्या दिवसांत, म्हणून मी छत्री आणि स्कूटरवर सैल सुती ओढणी वापरायची, घट्ट बांधायची नाही, आत घाम साचतो.

टूथपेस्टबद्दल बराच गोंधळ आहे. फ्लोराइडचा संबंध असू शकतो असं म्हटलं गेलंय, पुरावा भक्कम नाही, आणि फ्लोराइड दातांना लागतंच, म्हणून ते कायमचं सोडून देऊ नका. मला डॉक्टरीणबाईंनी कमी फेसाची, दालचिनी किंवा कडक पुदिना नसलेली पेस्ट घ्यायला सांगितलं, आणि दात घासून झाल्यावर ओठांच्या भोवतीचा फेस पाण्याने नीट धुवायला. खाण्यातलं त्यांनी काहीही बंद केलं नाही. मी स्वतः विचारलं, हुमण म्हणजे माशांची आमटी, सुंगटं म्हणजे कोळंबी, आंबे? म्हणाल्या खा, फक्त तिखट रस कातडीला लागून आग होत असेल तर लगेच धुवा.

औषधं डॉक्टर माणूस बघून देतात, पण साधारण काय असतं ते कळलेलं बरं. लावायला मेट्रोनिडाझोल किंवा क्लिंडामायसिनचं जेल, अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड, किंवा पायमेक्रोलिमस, यातलं कशातच स्टेरॉइड नाही. जास्त असेल तर पोटात डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी, बहुतेक सहा ते बारा आठवडे. बाई म्हणते, पिंपल एवढं झालंय आणि अँटिबायोटिक इतके आठवडे? पण इथे ती गोळी जंतू मारण्यापेक्षा सूज उतरवायचं काम करते, आणि तिचा परिणाम हळूहळू दिसतो, पहिल्या आठवड्यात काही फरक नाही म्हणून सोडायची नसते. ती घेताना पेलाभर पाणी प्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. लोहाची, कॅल्शियमची गोळी किंवा अ‍ॅसिडिटीचं औषध तिच्याबरोबर नाही, मध्ये काही तासांचं अंतर हवं, आपल्या बायकांना लोहाची गोळी सर्रास चालू असते म्हणून मुद्दाम सांगतेय. उन्हाने कातडी लवकर भाजते त्या काळात. आणि गरोदर बाईला, आठ वर्षांखालच्या मुलाला ही गोळी देत नाहीत, बाळाच्या दातांवर डाग पडतात, त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत. म्हणून शेजारणीची उरलेली स्ट्रिप घेऊन चालत नाही.

दम्याच्या इनहेलरचं वेगळं सांगते, कारण इथे कोणी माझं अर्धंच वाचून काहीतरी करून बसेल. इनहेलर बंद करायचा नाही. मुलाला मास्क लावून स्टेरॉइड देत असाल आणि मास्कच्या कडेने पुरळ येत असेल तर प्रत्येक वेळी नंतर चेहरा धुवा, चूळ भरायला लावा, आणि डॉक्टरना दाखवा, ते मास्कऐवजी तोंडात धरायचा स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची नळी, देता येतो का बघतील. श्वास आधी, चेहरा मग.

पुरळ गेल्यावर आपल्या रंगावर मागे काळपट डाग राहतात, आणि मला वाटतं सगळा घोळ परत सुरू होतो तो इथेच. आजार बरा झालेला असतो, पण लग्नसराई आलेली असते, कोणीतरी म्हणतं डागांची ट्यूब लाव, आणि त्या ट्यूबमध्ये परत मोमेटासोन. ते डाग आपोआप फिके होतात, महिने लागतात, उन्हापासून जपलं तर लवकर. माझ्या हनुवटीवरचा शेवटचा डाग पुढच्या शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीच्या सुमारापर्यंत होता, मग गेला.

हा आजार परत येऊ शकतो, म्हणून मी आता नाटकात मेकअप पातळच करून घेते, आमचा मेकअपमन सुरुवातीला नाराज होता, मागच्या रांगेतल्याला चेहरा दिसणार नाही म्हणायचा, आता त्यानेच डोळे आणि भुवया ठळक करून हनुवटीवर कमी रंग लावायची पद्धत बसवलीय. प्रयोग संपला की घरी जाईपर्यंत थांबत नाही, तिथेच मंडपामागे सौम्य क्लेन्झरने काढते. रोजच्या दिवशी चेहऱ्याला एकच साधं लोशन, आणि नवीन काही लावायचं झालं तर एका वेळी एकच वस्तू, म्हणजे बिघडलं तर कशाने ते कळतं.

डोळ्यांच्या भोवती पुरळ आलं असेल, किंवा तिथे कधी स्टेरॉइडची ट्यूब लावली असेल तर मात्र वाट बघू नका, डोळ्यांजवळ बरेच दिवस स्टेरॉइड लागलं तर काचबिंदू, मोतीबिंदूची भीती असते. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात, त्वचारोग विभाग आहे, खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर तिथे जा. जाताना चेहऱ्याला लागणारं सगळं, संपलेल्या ट्यूबासुद्धा, पिशवीत घालून न्या. आणि आमच्या वाड्यावरच्या ज्या मुली मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून हे तेच का विचारतात त्यांना, फोटोवरून मी सांगणार नाही बायांनो, मी डॉक्टर नाही, पण तुमची ट्यूब घेऊन संध्याकाळी घरी या, मागची अक्षरं बारीक असतात, बसून वाचू.